हात पोचत नाही ती जागा

एका माणसाला दुसऱ्या माणसाची आठवड्याला किती मिनिटं लागतात, हे ठरवायचं काम मी नगरपालिकेत करते. अंघोळीला पंचवीस, पायमोज्यांना सात, आणि ऑक्टोबर ते एप्रिल अंगाला क्रीम लावायला एका वेळेस बारा. ऑक्टोबर अशासाठी, की तेव्हा घरोघरी खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर सुरू होतात. बाहेर समुद्राचा खारा वारा, आत कोरडी ऊब, आणि या दोघांच्या भांडणात म्हाताऱ्यांची कातडी तडकते. आमच्या समितीने यावर दोन वर्षं विचार करून एक पुस्तिका काढली आहे : 'ऋतुबदल आणि त्वचा : एक समग्र दृष्टी'. मुखपृष्ठावर सायकलवरून हसत चाललेली आजी. आत असं, की त्वचा म्हणजे नुसती त्वचा नव्हे. झोप, आहार, मन, नाती मिळून अख्खा माणूस. तेव्हापासून मला अख्खा माणूस तपासावा लागतो. वेळ पूर्वीइतकाच मिळतो.

होल्गर ब्रून हे निवृत्त गवंडी, वय चौऱ्याऐंशी. बायको टोवे गेल्यापासूनचे तीन हिवाळे त्यांच्याकडे आमची मदतनीस मायकन मंगळवारी आणि शुक्रवारी जायची. एप्रिलमध्ये ही मदत नेहमीप्रमाणे थांबली होती. आता ती पुन्हा सुरू करायची की नाही, हे बघायला मला जायचं होतं.

आदल्या दिवशी मायकनने मला ऑफिसच्या जिन्यात गाठलं.

"बियर्ता, होल्गरची मिनिटं काढू नकोस हं."

"मी काही काढत नाही. मी मूल्यमापन करते."

"तेच ते. अगं, त्या माणसाला अख्ख्या आठवड्यात माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. मी क्रीम तळव्यात कोमट करून घेते, खांद्यापासून सुरुवात करते, आणि तोवर माझ्या घटस्फोटाची ताजी बातमी सांगते. बारा मिनिटांत नवऱ्याचे तीन दोष होतात. चौथा शुक्रवारी."

"हात लागतो की नाही, याला फॉर्ममध्ये रकाना नाही मायकन."

"मग समग्र कशाला म्हणता त्याला?"

प्रश्न चांगला होता. तो बैठकीत मांडायचा असं मी ठरवलं. मांडला नाही.

होल्गरनी दार उघडलं ते इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर कॉफी, दालचिनीचा केक आणि इकडे वाढदिवसाला ठेवतात तसा छोटा झेंडा. आमच्याकडे घर पुसायला बाई येणार असली की लोक आदल्या दिवशी घर पुसून ठेवतात. त्यामुळे पुढे काय होणार हे मला तिथेच कळायला हवं होतं.

त्यांनी बाह्या वर केल्या. हात चकचकीत. विजार गुडघ्यापर्यंत घेतली. नडग्या अशा तुकतुकीत, की पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आजीच्या जागी त्याच छापाव्यात.

"होल्गर, हे कधी लावलंत?"

"काल. आणि सकाळी परत एकदा. टोवेचं फ्रेंच क्रीम होतं. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेलं."

"अहो, पण मी उकललेली कातडी बघायला आले होते."

"माहितेय मला. पण नगरपालिकेची बाई घरी येणार आणि मी तिच्यासमोर खवल्याखवल्यांच्या तंगड्या पसरून बसू? काही लाजलज्जा आहे की नाही?"

मी अख्ख्या माणसाकडे वळले. झोप? "बरी." जेवण? "बरं." मन? "बरं." नाती? इथे त्यांनी केक माझ्याकडे सरकवला. मुलगी जगाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला असते, फोन करते. "बरी." आमच्या किनाऱ्यावर 'बरं' या शब्दात लॉटरीपासून कॅन्सरपर्यंत सगळं बसतं. मी चार वेळा 'बरं' लिहिलं.

मग त्यांनी शर्ट काढून पाठ केली. कडेने सगळी पाठ मऊ होती. मात्र बरोबर मधोमध, दोन्ही फऱ्यांच्या बेचक्यात, बशीएवढा एक गोल पांढरा पडलेला, खवल्यांचा, आणि त्यात एक लाल चीर.

"इथपर्यंत कसं आणलंत हो क्रीम?"

होल्गर उत्साहाने आत गेले आणि एक हत्यार घेऊन आले. झाडूच्या दांड्याला गिलावा सारखा करायची लाकडी फळी ठोकलेली, फळीवर लोकरी मोजा चढवलेला.

"खाली वाकून मारायचं. दोन भिंतींना लागला नसता एवढा माल गेला. मधली जागा तेवढी राहते, तिथे दांडा फिरत नाही."

मी पेन हातात धरून बसले.

"हे मी लिहू का, होल्गर?"

"लिही की! चाळीस वर्षं भिंती ओळंब्यात बांधल्या, आता खोटं कशाला?" मग शर्टाची बटणं लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मायकन येणार ना पण? शुक्रवारी?"

"बघू," मी म्हटलं.

मी ते लिहिलं. चिरेबद्दल ठळक अक्षरांत लिहिलं, त्याचं मला त्या संध्याकाळी बरं वाटलं. दांड्याबद्दल साध्या अक्षरांत लिहिलं. वरिष्ठांनी साधी अक्षरं वाचली. नऊ दिवसांनी पत्र निघालं : अर्जदार स्वतःच्या त्वचेच्या बहुतांश भागापर्यंत पोचतात व कल्पक आहेत, उर्वरित भागासाठी लांब दांड्याचा स्पंज मंजूर, स्वावलंबनाबद्दल अभिनंदन. वापर प्रत्यक्ष शिकवण्यासाठी पंधरा मिनिटं, एकदाच.

मी शुक्रवारी गेले. टेबलावर तीन कप होते.

"मायकन गाडी लावतेय का?" त्यांनी माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.

"पत्र वाचलं नाहीत?"

"वाचलं. अभिनंदन केलंय."

"मायकनला आता दुसऱ्या भागातली घरं दिलीत, होल्गर."

"हां." त्यांनी दार लावलं. "बरं."

ते शर्ट काढून खुर्चीत उलटे बसले, पाठमोरे, हात खुर्चीच्या पाठीवर. मी स्पंजवर क्रीम घेतलं, दांडा त्यांच्या खांद्यावरून सोडला आणि मधल्या गोलावर हळूहळू फिरवला. "असं. वरून खाली, मग गोल."

"नाही कळलं. परत दाखव."

मी परत दाखवलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"अजून एकदा. हा गोल कुठून सुरू करायचा?"

या माणसाने नकाशा एकदा बघून गावातल्या बेकरीचं धुराडं उभं केलं होतं. मी तिसऱ्यांदा स्पंज फिरवला. तो बाजूला ठेवून नुसता हात ठेवायला पाच सेकंद लागली असती. बाहेरून आल्यामुळे माझे हात गार आहेत, असं मी मनाशी म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या हातात अर्धा तास हीटर लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग होतं.

"परत एकदा," होल्गर म्हणाले. आवाज अगदी बारीक.

भिंतीवरच्या घड्याळात माझी चौदा मिनिटं झाली होती.

"होल्गर, तुम्हाला कळलंय."

त्यांनी मान वर केली.

"हो," ते म्हणाले. "कळलंय."

मग उठून त्यांनी माझ्या हातून दांडा घेतला, खांद्यावरून सोडला आणि वरून खाली, मग गोल, असा फिरवला. मी शिकवलं त्याहून सफाईने. मी शेवटच्या रकान्यात खूण केली : वापरकर्त्याने स्वतंत्रपणे करून दाखवले.