माझ्यामागे एक माणूस उभा होता

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि तुम्ही मला पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. जुन्या अमेरिकन सिनेमात कोर्टाच्या पायऱ्यांवरून कुणी बडी असामी उतरते, हॅट घातलेले वार्ताहर तिला गराडा घालतात आणि डावीकडून एक ताटलीएवढा चकचकीत फ्लॅश फाट्कन उडतो. तो फ्लॅश ज्याच्या अंगाला जोडलेला असतो, तो मी. माझं नाव मी सांगणार नाही. ते सांगायला जगात पुष्कळ हौशी लोक बसलेले आहेत, आणि माझं दुखणं त्यांच्यापाशीच आहे. पण ते पुढे येईल.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला चांगलं लाकूड, वर काळं कातडं, पुढे घडी घालता येणारा भाता आणि टपोरी काच. तिथून मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नो गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. आगी, अपघात, निवडणुका, द्राक्षांच्या बागांतला संप, सगळं मी पाहिलं आणि टिपलं. एका आगीच्या वेळी पळापळीत दगडी पायरीवर आपटलो, तेव्हा माझा उजवा कोपरा फुटला. तो अजून तसाच आहे. पुढे गळ्यात अडकवायचे छोटे कॅमेरे निघाले आणि माझं वजन सगळ्यांना एकदम जड वाटू लागलं. लॉस एंजेलिसच्या एका गोदामाने मला विकत घेतलं. सिनेमावाल्यांना लागणारं सामान तिथून भाड्याने जायचं. कंदील, टेलिफोन, तलवारी, पाळणे आणि मी.

तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या पोटातली स्प्रिंग काढून टाकली. शूटिंग चालू असताना खटक्याचा आवाज नको, म्हणून. फिल्म तर घालायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे पुढची सगळी वर्षं मी कॅमेऱ्याचं सोंग घेऊन उभा राहिलो आणि एकही फोटो काढला नाही. असलं नशीब वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मला उचलायला माणूस लागायचा. पडद्यावर गर्दी करणारी, रोजावर येणारी माणसं असतात ना, त्यांतला एक माझ्या वाट्याला आला. बेद्रोस कालफायन त्याचं नाव. आर्मेनियन घरातला, मूळचा फ्रेस्नोचाच. एरवी मामाच्या लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायचा, त्यामुळे त्याच्या तपकिरी सुटाची घडी कधी मोडलेली दिसली नाही. बाकीचे लोक माझ्या वजनाला शिव्या घालत. हा मात्र मला दोन्ही हातांनी घ्यायचा आणि काम सुरू होण्याआधी खिशातल्या रुमालाने माझी काच पुसायचा. त्या काचेतून काहीच निघणार नव्हतं, तरीही.

मॉर्टी नावाचा त्याचा एक जोडीदार होता, गर्दीतलाच. तो त्याला भारी चिडवायचा.

"काय रे बेद्रोस, बायकोला तरी इतकं जपतोस का?"

"ती कुठे इतका वेळ गप्प बसते?" बेद्रोस म्हणायचा.

त्याला सिनेमाचं वेड होतं. आज ना उद्या पडद्यावर आपला चेहरा दिसेल, घरचे बघतील, एवढीच त्याची इच्छा होती. पण दिग्दर्शक कुणीही असो, फर्मान एकच, "कॅमेरे डोळ्याला!" की बेद्रोस मला उचलून तोंडासमोर धरायचा. मी काही लहानसहान नव्हे. माझ्याआड त्याचं कपाळ, नाक, डोळे, सगळं झाकलं जायचं. घरचे सिनेमाला गेले की तो अंधारात बोट दाखवायचा, "तो बघा मी, डावीकडून तिसरा!" आणि त्याची मुलगी सेता म्हणायची, "तो तर कॅमेराच आहे." हे सगळं तो दुसऱ्या दिवशी मॉर्टीला हसत हसत सांगायचा. निदान सुरुवातीला तरी हसायचा.

मग एक दिवस आला. खटल्याचा सिनेमा होता. नवऱ्याच्या खुनाचा आळ आलेली एक बाई कोर्टातून बाहेर पडते आणि फोटोवाले तिच्यावर तुटून पडतात, असा प्रसंग. दिग्दर्शक म्हातारा आणि तिरसट होता. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि बोट रोखलं.

"तू. हो हो, तूच, तपकिरी सूटवाला. ती खाली उतरेल, सगळे फोटो काढतील. तू काढायचा नाहीस. कॅमेरा खाली घ्यायचा आणि तिच्याकडे बघायचं. बास."

"कसं बघू, साहेब?"

"माणसासारखं बघ."

तो शॉट एकदाच घेतला. म्हाताऱ्याने "झालं, पुढे चला" म्हटलं. त्याच्या तोंडून कौतुक म्हणून एवढंच निघायचं. बेद्रोस मला परत पेटीत ठेवायला आला आणि झाकण लावायचंच विसरला. "मॉर्टी, माझा चेहरा घेतला रे! चांगला जवळून घेतला," तो पुनःपुन्हा म्हणत होता. मलाही बरं वाटलं. त्याच्या तोंडासमोरून मी पहिल्यांदाच बाजूला झालो होतो.

सिनेमा लागला तेव्हा त्याने अख्खी रांग अडवली. बायको, मुलगी, मामा, मामी, मेहुणा गारो, लाँड्रीतले दोघे. सगळे ठेवणीतले कपडे घालून गेले. आणि तो प्रसंग आला, बाई उतरली, फाट्कन माझा फ्लॅश पडदाभर उजळला आणि पुढच्या क्षणी ती मोटारीत बसलेली होती. बेद्रोसचा तुकडा कात्रीत गेला होता. त्याला कुणी कळवलंही नव्हतं. गर्दीतल्या माणसाला कोण कळवतो?

हे मला ठाऊक आहे, कारण पुढच्या कामाच्या दिवशी तो मला मांडीवर घेऊन बसला होता आणि मॉर्टीला सांगत होता.

"गारो म्हणाला, वा, फ्लॅशने काय अभिनय केलाय! सगळे हसले. मीही हसलो."

"आणि पोरगी?"

बेद्रोसने खिशातला रुमाल काढून माझी काच पुसली. "नऊ वर्षांची आहे रे ती. बाहेर रस्त्यावर आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, तू थापा मारतोस."

"लहान आहे. विसरेल."

"तिचं काय चुकलं? पडद्यावर नाही, म्हणजे झालंच नाही."

त्यानंतरही त्याने वर्षानुवर्षं मला उचललं, पण कुठल्या सिनेमात काम केलं हे घरी एकदाही सांगितलं नाही. रुमालाने पुसणं तेवढं चालू होतं. मग त्याचे गुडघे गेले, मग तो येईनासा झाला, आणि एक दिवस मॉर्टीने गोदामात येऊन सांगितलं की बेद्रोस गेला. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी रडलो असतो.

पुढे मी फळीवर धूळ खात पडलो. पाच-सहा वर्षांतून एखादा जुन्या काळचा सिनेमा निघाला की कुणीतरी मला झटकून न्यायचा आणि परत आणून टाकायचा.

आणि मग, मित्रांनो, माझे दिवस पालटले. सिनेमातले आणि टीव्हीवरचे जुने कॅमेरे हुडकणाऱ्या लोकांची एक मंडळी इंटरनेटवर जमली. हे लोक सिनेमा बघतात, पण गोष्ट बघत नाहीत. नायक मरत असला तरी यांची नजर त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर! गुप्तहेराच्या हातात कोणता, आजीच्या कपाटात कोणता, सगळं थांबवून थांबवून बघतात. "गोष्ट अडतीस सालची आणि फ्लॅश सत्तेचाळीस सालचा, अरेरे!" म्हणून हळहळतात. भांडणंही कडाक्याची होतात. यांनीच माझा फुटका कोपरा हेरला आणि ताडलं की इतक्या सगळ्या सिनेमांतला हा कॅमेरा एकच आहे. झालं! माझं नाव, माझं साल, माझ्या काचेची जात, सगळं जगजाहीर झालं. गोदामाचा हल्लीचा मालक वेंडेल याने मला फळीवरून काढून काचेच्या कपाटात ठेवलं आणि पुढे दिवा लावला.

या मंडळीत सगळ्यांत जाणकार म्हणजे डॉक्टर हालडोर्सन. कॅनडातल्या विनिपेगचे, दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. स्वभावाने सज्जन माणूस. गेल्या वसंतात ते मुद्दाम मला बघायला आले. वेंडेलने मला टेबलावर मखमलीवर ठेवलं. डॉक्टर माझ्याकडे देवळात आल्यासारखे बघत होते, हात जोडायचेच बाकी होते.

त्याच वेळी एक बाई आत आली. सत्तरीची, हातात पर्स घट्ट धरलेली. "मी सेता कालफायन," ती म्हणाली. "डॉक्टर, तुम्हाला मीच पत्र पाठवलं होतं. त्या खटल्याच्या सिनेमाबद्दल."

"हो हो, बसा ना बाई. आणलंय मी." डॉक्टरांनी बॅगेतून एक पाकीट काढलं. "नशीबच म्हणायचं. त्या सिनेमाच्या जाहिरातीची फिल्म मला एकदा भंगारात मिळाली होती. जाहिरात आधी तयार होते, त्यामुळे पुढे कापलेले तुकडेही कधीकधी तिच्यात राहून जातात. त्यात हा कॅमेरा असा काही स्पष्ट होता म्हणता! डोळ्यावरून खाली घेतलेला. डावी बाजू इतकी छान दुसरीकडे कुठेच दिसत नाही. मी मोठा करून छापला."

सेताने फोटो हातात घेतला. त्यात मी होतो, छातीशी धरलेला. मला धरणारे दोन हात होते, टायची गाठ होती, तपकिरी सुटाची कडक घडी होती, आणि वर हनुवटी होती. हनुवटीच्या वर कागदच नव्हता.

"बाबांचीच हनुवटी," ती म्हणाली. मग तिने फोटोच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे वरचं...?"

"ते मी कापलं," डॉक्टर म्हणाले. "वहीत फक्त कॅमेरे लावतो ना मी. पानात बसेना, म्हणून कात्रीने..." त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आणि ती फिल्म?"

"ती आंबली होती, बाई. व्हिनेगरसारखा वास सुटतो अशा फिल्मला. बायको म्हणाली, घर आहे की लोणच्याची बरणी? टाकून दिली."

सेताने फोटो टेबलावर माझ्याशेजारी ठेवला.

"मी त्यांना थापाड्या म्हटलं होतं," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते मी. ते त्यानंतर पुन्हा कधी काही बोललेच नाहीत. आज कळलं, कॅमेरा खरंच खाली घेतला होता त्यांनी. आता एकच सांगा डॉक्टर. तुम्ही ती फिल्म डोळ्यांनी पाहिलीत. त्यांचा तेव्हाचा चेहरा पाहिलेला, आता या जगात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ते त्या नटीकडे बघत होते, ते कसे बघत होते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. खूप प्रयत्न केला बिचाऱ्यांनी, ते मला दिसत होतं.

"आठवत नाही हो," ते शेवटी म्हणाले. "खरं सांगू? मी वर बघितलंच नाही. मी कॅमेरा बघत होतो."

मित्रांनो, त्या खोलीत एकाला उत्तर ठाऊक होतं आणि तो मी होतो. बेद्रोसचा चेहरा मला दिसला नव्हता, कारण तो माझ्या मागे आणि वर होता. पण माझी काच समोरच्या नटीवर होती. तालमीत ती बाई ताठ मानेने खाली उतरायची, ठरलंही तसंच होतं. त्या एका शॉटमध्ये मात्र ती तिसऱ्या पायरीवर अडखळली. तिने माझ्यावरून वर, बेद्रोसकडे पाहिलं, आणि तिचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. ज्याच्या नुसत्या बघण्याने समोरच्या माणसाला रडू फुटतं, तो कसा बघत असेल? एवढंच मला सेताला सांगायचं होतं. पण मला तोंड नाही, आणि ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी माझ्या पोटात फिल्म नव्हती. काचेतून सगळं आत आलं आणि कुठेच उमटलं नाही.

सेताने मला उचललं. तिला वजन पेलेना, म्हणून वेंडेलने खालून हात दिला. तिने मला क्षणभर तोंडासमोर धरलं, मग खाली ठेवलं आणि पर्समध्ये फोटो घालून ती निघून गेली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी, इथेच बसून, मंडळीच्या इंटरनेटवरच्या पानावर माझ्या चित्राखाली एक ओळ लिहिली: "हा कॅमेरा हातात धरणारे गृहस्थ, बेद्रोस कालफायन." दुसऱ्या आठवड्यात वेंडेलने मोबाइलवर बघितलं तर ती ओळ गायब. कुणीतरी खाली सूचना लिहिली होती, "कृपया येथे फक्त कॅमेऱ्यांविषयी लिहावे." डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा लिहिली. पुन्हा काढली गेली. ते अजून लिहितात, असं वेंडेल म्हणतो.

मला आता काही कमी नाही. धूळ नाही, दिवा आहे, येणारेजाणारे वाकून वाकून बघतात आणि माझं नाव अचूक सांगतात. मित्रांनो, तुम्हीही सांगा. जुन्या वस्तू ओळखाव्यात, जपाव्यात, त्यात वाईट काही नाही. पण पडद्यावर मी दिसलो, तर तुमच्या पाया पडतो, तिथेच थांबू नका. मला कुणीतरी धरलेलं असतं. त्याचे हात बघा, त्याचा सूट बघा, आणि चुकून मी खाली आलो, तर पटकन वर बघा.