चार वळणांचा नळ

खाणीचा नळ सरळ गेला तर दाजी गावकराला मिळणार होतं काहीच नाही. तोच चार वळणं घेऊन गेला तर अंगणात पाण्याची चावी, म्हणजे तोटी, बसणार होती, आणि नळाच्या राखणीला जावयाची नेमणूक होणार होती, खाकी चड्डीसकट. तिसरा एक लाभ दाजी बोलून दाखवत नसत, पण खरा तोच: अख्खी वाडी कळश्या घेऊन आपल्या अंगणात उभी, आणि आपण ओटीवर बसून म्हणतोय, "हां, आता तू भर."

अठ्ठावन्न साल होतं. डोंगरावर लोखंडाच्या दगडाची खाण नुकतीच निघाली होती. दगड धुवायला पाणी हवं, म्हणून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीवर पंप बसवून ते वर चढवायचं ठरलं. तेही मिरगापर्यंतच. पाऊस लागला की खाण बंद, आणि नळ उचलायचा. 'तात्पुरता' हा शब्द सिप्रियन मिस्त्रीने पहिल्याच दिवशी तीनदा सांगितला. दाजींनी तो एकदाही ऐकला नाही.

सिप्रियन आरोंद्याचा. कानावर पेन्सिल, डोक्यावर टोपी. कोंडीपासून डोंगरापर्यंत त्याने दोरी धरली आणि खुंट्या मारल्या. दोरी गेली दाजींच्या कुणग्यातून, भाताच्या खाचरातून. पाटाचं पहिलं पाणी ह्या कुणग्याला, आणि घरातलं निम्मं भात ह्याच कुणग्यातलं. दाजींचं घर मात्र दोरीपासून पार डावीकडे राहिलं.

"मिस्त्रीनू, दोरी जरा आमच्या घराकडसून घेतलास तर?"

"दाजीनू, सरळ गेल्यार साठ पायपी. तुमच्याकडसून गेल्यार ब्याण्णव. बत्तीस पायपी खंय गेले म्हणान साहेबान इचारला, तर काय सांगू? दाजींच्या घराक चाय पिऊक गेले?"

दाजींची नजर कुणग्याच्या मेरेवर, बांधावर, फिरली. तिथे एक काळा दगड होता. नांगरणी झाली की दाजी त्याच्यावरच पायाचा चिखल पुसत.

"तसा न्हय, मिस्त्रीनू. ह्या कुणग्यात राखणदाराची जागा आसा."

"ती कधीपासून?"

"आमच्या आजोबांच्याय आधीपासून."

सिप्रियनने टोपी काढली. खुरीस त्याचा, देऊळ दाजींचं. पण जागा राखणारा अदृश्य राखणदार ह्या मुलखात सगळ्यांचाच. "मगे देवाचो कौल घेवा. म्हणजे माका साहेबाक सांगूक बरा."

सोमवारी देवळात सगळा गाव जमला. शिवा गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावल्या. दाजींनी प्रश्न विचारला तो बेतून. 'जागा राखणदाराची आसा काय?' असं त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "देवा महाराजा, राखणदाराच्या जागेतसून नळ गेललो तुका चलना नसात, तर उजवी कळी दी." कुठल्या देवाला चालेल? उजवी कळी पडली. गावाने डोळ्यांनी पाहिली. सिप्रियनने कागदावरची सरळ रेघ खोडली आणि चार वळणं काढली.

आठ दिवसांनी वायंगणाचा, उन्हाळी भाताचा, तरवा लावणीला आला. दाजी जोत घेऊन कुणग्यावर गेले, तर मेरेवर हौसाबाई बसलेली. हिचा कुणगा दाजींच्या लगेच खाली. पाटाचं पाणी तिच्यापर्यंत येईतो पाळी संपायची आणि वाट्याला ओला चिखल यायचा. दगडाला शेंदूर लागला होता, वर जास्वंदीचं फूल होतं.

"दाजीनू, व्हाणो काढा."

"कशाक?"

"जागा राखणदाराची ना? आणि ह्या जोत खंय घेऊन चललास?"

"गो हौशे, जागा म्हणजे ह्यो दगड. तेवढीच."

"तेवढीच, तर नळ हातभर बाजूक घेवन भागला असता! तुम्ही बत्तीस पायपींचो वळसो घालूक लावलास. म्हणजे राखणदार चांगलो पाय पसरून बसता. आणि लोखंडाचो नळ तेका चलना नाय, तर लोखंडाचो फाळ कसो चलतलो?"

माणसं जमली. दाजींनी शिवा गुरवाकडे पाहिलं. शिवाने मान खाजवली. "दाजीनू, कौल तुम्हीच मागितलास. फिरून लावतंय, पण देवाक काय सांगू? आधीचो फशिवन मागितलो होतो म्हणान?"

जोत सुटलं. कुणगा पड राहिला. आणि पाटाचा नियम जुना: ज्याचा कुणगा पड, त्याची पाळी खालच्याला. त्याला कौल लागत नाही.

पौषात दाजींच्या अंगणात चावी बसली. जावई चड्डी घालून शेजारी उभा. वाडी आली, नळ बघायला. दाजींनी चावी सोडली. नळाने आधी ढेकर दिला, मग तांबडं, कोमट, डांबराच्या वासाचं पाणी ओकलं. पायपी कंपनीने कुठल्या कुठल्या खाणीवरून गंजलेल्या गोळा करून आणल्या होत्या. वाडीने कळश्या उचलल्या आणि विहिरीची वाट धरली.

दाजींच्या बायकोने, आनंदीबाईने, त्याच पाण्यात पेज शिजवून दाजींपुढे ठेवली.

"उकड्या तांदळाची पेज तांबडीच असता," दाजी म्हणाले.

"तांदूळ उकडे न्हय, पांढरे सुरय आसत," आनंदीबाई म्हणाली, आणि कळशी काखेला मारून वाडीच्या मागोमाग गेली.

मिरगाच्या तोंडावर सिप्रियन आला. ब्याण्णव पायपी मोजून घेतल्या. चावीही काढली.

"चावी तरी ठेवा, मिस्त्रीनू. अंगणाक शोभा."

"चावी कंपनीची, दाजीनू. खड्डो तुमचो, तो ठेवतंय."

आता हिशोब. कंपनीने बत्तीस पायपी जास्त घातल्या, त्या सगळ्या परत नेल्या. जावयाला चड्डी मिळाली, ती त्याने तीन वर्षं वापरली. हौसाबाईचं गेलं एक फूल आणि चिमूटभर शेंदूर; तिच्या कुणग्यात त्या साली भात कंबरेला लागलं. देवाने काही मागितलं नव्हतं, त्याला कुणगा मिळाला.

तेव्हापासून दर मार्गशीर्षात तिथे राखणदाराचं गाऱ्हाणं, सगळ्या गावाचं साकडं, असतं. गाऱ्हाणं घालायचा मान गावकराचा, म्हणजे दाजींचाच. दाजी हात जोडून म्हणतात, "बा राखणदारा महाराजा, ह्या तुझ्या जागेत जो कोण नांगर घालीत, तेका सोडू नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव ओरडतो. हौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. नारळ आणि कोंबडा, दोन्ही दाजींच्या घरचे.