भिंगरीच्या मापाचा नळ

समुद्र गावात शिरला आणि शाळा घेऊन गेला, त्याला आता चार वर्षं होत आली. नवी शाळा टेकाडावर उभी राहिली. भिंती चढल्या, स्लॅब पडला, आणि शेवटी नळवाल्याची पाळी आली. हे काम त्यानं हट्टानं मागून घेतलं होतं. त्याची लेक जुन्या शाळेत पहिलीत होती. भिंगरी म्हणत तिला सगळे, पाय म्हणून जमिनीला टेकत नसत तिचे. लाट आली त्या सकाळी ती वर्गात होती.

मोठ्या मुलांच्या वर्गांबाहेर लांबलचक सिमेंटची मोरी होती आणि तिच्यावर नळांची रांग. नळवाल्यानं दोरी ताणून एकेक नळ बसवला, ओवल्यासारखा सरळ. शेवटच्या नळापाशी मात्र त्यानं दोरी गुंडाळून ठेवली आणि डोळे मिटले. नळालाच तोंड लावून पाणी प्यायची भिंगरीची खोड. हनुवटी वर, वेणी पाण्यात, आणि वर तक्रार, “बाबा, नाकात गेलं!” तिचं तोंड जिथं आलं असतं, तिथंच, रांगेच्या बरंच खाली, त्यानं छिन्नी टेकवली, खाच पाडली आणि नळ बसवला.

“हा उंदरांसाठी का रे?” गवंडी मागून म्हणाला. “पाचवीची पोरं काय रांगत येणार पाणी प्यायला?”

“असू दे.”

“असू दे काय? माल कालवलाय मी. खाच आज बुजवणार. मग उद्या फोडायला हाक मारलीस तर याद राख.”

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. भिंगरीच्या वर्गाला त्याच शिकवायच्या. “अहो, याच्याखाली बाटलीसुद्धा उभी राहणार नाही,” असं म्हणता म्हणता त्यांनी नळवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. “राहू दे हो. एका नळानं काही शाळा बुडत नाही,” त्या म्हणाल्या. बोलून गेल्या आणि जीभ चावून तशाच आत वळल्या.

गवंड्यानं थापी उचलली. तेवढ्यात नळवाल्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती त्या नळापाशी उकिडवी बसली, नळाखाली ओंजळ धरली, जणू कुणाची हनुवटी उचलतेय. नळवाल्याला वाटलं, आता ही रडेल, मग आपणही रडू.

“वर घ्या हा,” ती म्हणाली.

“अगं, तिच्या मापाचा आहे.”

“तेव्हाच्या मापाचा.” ती उठली. “तिच्या बरोबरीच्या पोरी इथंच येणार आता. शेजारची ठेंगणी, तीसुद्धा माझ्या खांद्याला लागायला लागली. आणि आपलीच तेवढी वाकून प्यायची होय?”

“मला ती एवढीच ठाऊक आहे गं.” त्याचा आवाज फाटला. “हा वर घेतला तर माझ्यापाशी काय राहिलं?”

“मी नाही ठेवली तिला एवढी. वाढवली. दुकानात फ्रॉक टांगलेला दिसला की मनातल्या मनात तिच्या अंगाला लावून बघते. मागचा यंदा बसला नसता. उंच व्हायची होती ती, माझ्या भावासारखी.”

“तुझ्या भावासारखी? नाक माझं होतं तिचं!”

“नाक घ्या तुमचं तुम्हाला. पाय मामाचे होते.”

“वहिनी, माल आवळत चाललाय,” गवंडी म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात मघाचा जोर नव्हता.

नळवाला बायकोकडे बघतच राहिला. एका छपराखाली दोघं दोन वेगळ्या लेकींची वाट बघत होती. त्याची दारातच खिळून उभी राहिलेली, हिची दर वर्षी नवी होऊन येणारी. त्याला बायकोचा हेवा वाटला. केवढं पाहिलं हिनं, आणि आपण घरात असून काहीच पाहिलं नाही.

“आठव्या वर्षी कशी होती गं?” त्यानं विचारलं.

तिनं पदरानं डोळे टिपले. “पुढचे दात नवेनवे, फावड्याएवढे. आणि हट्टी. तुम्हाला तर एक शब्द बोलू देत नव्हती.”

तो हसला. पाना घेऊन त्यानं नळ सोडवला, पाइप बाहेर काढला. छिन्नी हातात घेऊन भिंतीपाशी आला.

“सांग, तोंड कुठवर आलं तिचं?”

ती भिंतीकडे वळली.

“चपला घालून धरायची की अनवाणी?” त्यानं विचारलं.

“शाळेत आलीय ती. चपला घालूनच धरा.”

मग तिनं तळहात भिंतीला लावला. वर सरकवला, थोडा खाली आणला, पुन्हा वर नेला आणि थांबली. हात रांगेच्याही चार बोटं वर होता. गवंड्यानं रांगेकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं मालात घोटभर पाणी घातलं.

नळवाल्यानं हातोडी उचलली. सिमेंटच्या कपच्या तिच्या बोटांवर उडत होत्या, पण तिनं हात काढला नाही.