शिळा आकडा

उर्वी खासगीवाले मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका छोट्या कंपनीत लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करायचं काम करायची. तिनं स्वतःचं म्हणून जे पहिलं काही केलं, ते अल्पनाआत्यासाठी. आत्या धरमपुरीच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातली काही मुलं नर्मदेच्या पलीकडून नावेनं यायची. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की आभाळ निरभ्र असतानाही इथे पाणी चढायचं. धरणाची पातळी सरकारी वेबसाइटच्या एका पानावर रोज टाकली जायची. उर्वीनं त्या पानावरचा आकडा वाचून मोबाइलवर निरोप पाठवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही बघावा, वापरावा, सुधारावा.

खरं तर कुणीतरी जाणत्या माणसानं तो तपासावा, असं तिला फार वाटायचं. नवख्यांना हात धरून शिकवणारे लोक अशा ठिकाणी भेटतात, हे तिनं ऐकलं होतं. तिनं कितीदा तरी इंग्रजीत विनंती लिहिली आणि पुसून टाकली. कंपनीत एकदा एका सीनियरनं तिचा कोड मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांसमोर हसत हसत वाचला होता. तेव्हापासून आपलं लिहिलेलं कुणाला दाखवायचं म्हटलं की ती लॅपटॉप मिटून टाकायची.

श्रावणात एकदा आत्या फोनवर सहज म्हणाली, की तुझे निरोप मी घाटावरच्या लोकांच्या मोबाइल ग्रुपमध्ये टाकते, नाववाले आता तेच बघून नाव सोडतात. आत्याला कौतुक वाटत होतं. उर्वी मात्र घाबरली. एकट्या आत्यासाठी केलेल्या खेळण्यावर आता नावा चालत होत्या.

त्यानंतर ती रोज ते सरकारी पान स्वतः उघडून बघू लागली. एके दिवशी दुपारी डबा खाताना तिच्या लक्षात आलं, की पानावरची तारीख परवाची आहे. दोन दिवस तिथे कुणी काही भरलंच नव्हतं. तिचा प्रोग्राम मात्र तोच जुना आकडा उचलून, त्याला आजची वेळ लावून सांगत होता: पाणी स्थिर आहे.

तिनं आत्याला फोन लावला. आत्या वर्गात असणार, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. शेवटी उचलला तेव्हा उर्वी एवढंच म्हणाली, "आत्या, नाव थांबव. माझा मेसेज गलत आहे."

आत्या फोन कानाला तसाच धरून घाटाकडे पळाली. उर्वीला तिचा श्वास ऐकू येत होता, चपलांचा आवाज, मग माणसांचा गलका. सकाळच्या पाळीची मुलं परत निघाली होती आणि नाव मधोमध होती. पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर येत होतं. कुशल नावाचा तरुण नावाडी वल्ही मारत होता, पण नाव सरळ जायचं सोडून खाली खाली ओढली जात होती. आत्या धापा टाकत हे सांगत होती, मग नुसता गलका ऐकू येऊ लागला. उर्वी ऑफिसच्या जिन्यात भिंतीला टेकून खाली बसली.

बऱ्याच वेळानं आत्या म्हणाली, "लागली गं काठाला. देवळाच्या पार खाली लागली. पोरं उतरली."

उर्वीला रडूही आलं नाही. सगळा कोड पुसून टाकावा आणि हे आपण केलंच नव्हतं असं समजावं, असं वाटलं. तिचं बोट पुसायच्या बटणापर्यंत गेलं होतं. मग तिनं मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा एक ग्रुप उघडला आणि जसं सुचलं तसं लिहिलं: माझ्या प्रोग्राममुळे आज मुलं बुडाली असती. मला कुणीतरी शिकवा.

संध्याकाळी नागपूरच्या दुर्गा सबनीस यांचं उत्तर आलं. त्यांनी दवाखान्यांतल्या यंत्रांचे प्रोग्राम वर्षानुवर्षं तपासले होते. उत्तर लांबलचक मराठीत होतं. उर्वीचं शिक्षण सगळं हिंदीत; ती अडखळत वाचू लागली. "आकडा शिळा आहे की ताजा, हे तुझा प्रोग्राम विचारतच नाही," या वाक्याशी ती थांबली. हिंदीत शिला म्हणजे दगड, मग आकडा दगड कसा? बाबांना विचारलं. ते म्हणाले, शिळा म्हणजे बासी, शिळी पोळी असते ना, तसा.

तिनं भीतभीतच फोन केला. दुर्गाताई रागावल्या नाहीत. चूक दुरुस्त करायला मी शिकवेन, असं त्यांनी कबूल केलं, पण त्याआधी एक अट घातली.

"आजच निरोप बंद कर. आणि घाटावर जाऊन सांग, चूक काय होती ते. फोनवरून नको."

"ते लोक मला मारतील, दीदी."

"रागावतील. तरी जा."

रविवारी ती बसनं धामनोदला उतरली आणि तिथून धरमपुरीला गेली. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. घाटावर आत्या शेजारी उभी राहिली. उर्वीनं मिळेल त्या हिंदी-मराठीत सगळं सांगितलं. कुशल ऐकून घेऊन म्हणाला, "तो दीदी, हम अब तक भरोसे पे चल रहे थे?" ती हो म्हणाली. तो पाठ फिरवून नावेकडे गेला.

मालन नावाची बाई पुढे आली. तिची मुलगी त्या नावेत होती. उर्वीला वाटलं, आता ही ओरडेल. मालननं आपला मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला येत नाही. तुझा तो ग्रुप तूच काढून टाक यातून." उर्वीनं तिला ग्रुपमधून काढलं, मग जुने निरोपही एकेक करून पुसले. मालन तोवर नदीकडे बघत उभी होती.

पुढचे काही आठवडे दुर्गाताई आणि ती रोज फोनवर बसायच्या. आता पानावर ताजा आकडा नसेल तर निरोप येतो: आज माहिती नाही, पाणी बघूनच निघा. कुशलनं हे निरोप ग्रुपमध्ये पुन्हा सुरू केले आहेत. मालन अजून ग्रुपमध्ये परत आलेली नाही.

काम झालं असं वाटत असतानाच एका संध्याकाळी दुर्गाताई म्हणाल्या, "उर्वी, मला अजून एक चूक दिसते आहे."

 उर्वीनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कुठे?"