टेबलाच्या पायाखालचा शेरा

रकाना चौदा : शेरा

मित्रांनो, माझी ओळख या रकान्यापासून करून देतो, कारण मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी इथेच बघतो.

'नेमून दिलेली जागा तीन वेळा सोडली. बेशिस्त. विश्वास ठेवण्यास अयोग्य.'

मी सैन्यातून घरी पाठवलेल्या एका शिपायाचा जुना दाखला आहे. वय वर्षं पंधरा. अंगावर आठ घड्या, एका कोपऱ्यात गोल डाग. माझ्यावर सोळा रकाने आहेत. नाव, उंची, रक्तगट, छातीचं माप, सगळं तपासून घ्या, तंतोतंत आहे. सोळांपैकी पंधरा रकाने खरे आहेत. चौदावा खोटा आहे.

खोटं मी बोललो नाही. ते माझ्या अंगावर लिहिलं गेलं. पण कागदाचं नशीब असं, की लिहिणारा लिहून मोकळा होतो आणि उत्तरं आम्हाला द्यावी लागतात.

माझ्यावर नसलेला रकाना : जन्म

हा रकाना छापायचा राहून गेला, म्हणून मीच भरतो. मी जाड, पिवळसर, चांगल्या घराण्यातला कागद. पाचशे भावंडांच्या गठ्ठ्यातून एका कारकुनाने मला काढलं आणि टाइपरायटरच्या रुळात चढवलं. चहा गार व्हायच्या आत माझं सगळं आयुष्य टाइप करून झालं. शेरा टाइप करताना त्याने मान वर करून विचारलं, "साहेब, एवढं कडक लिहू?"

"चौकशीत तो एक शब्द बोलला नाही," साहेब म्हणाले. "जो बोलत नाही, त्याचं काय लिहिणार? लिही."

समोर एक शिपाई उभा होता. सत्तावीस वर्षांचा, हडकुळा, कॉलरचं बटण लावलेला. त्याने मला घेतलं, वाचलं आणि कारकुनाला शांतपणे म्हणाला, "उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी लिहिलाय."

कारकुनाने खोडून दुरुस्त केलं. चौदाव्या रकान्याबद्दल शिपाई काहीच बोलला नाही. मला तेव्हा तो विचित्र वाटला. कागदाला काय, अंगावर लिहिलेलं असतं तेवढंच माहीत असतं.

रकाना सहा : कामाचा प्रकार

'पहारा.' बस, एवढंच.

पलटणीत त्याला सगळे दशांश म्हणत. दारूगोळ्याच्या कोठारात भिंतीवर एक थर्मामीटर असतो. पहारेकऱ्याने दर दोन तासांनी त्यावरचं तापमान वहीत लिहायचं. बाकीचे पहारेकरी काय करत, तर वरचा आकडा बघून खाली तोच उतरवत. चोवीस, चोवीस, चोवीस. काही जण तर पाळी सुरू होतानाच पुढचे सगळे आकडे लिहून निवांत बसत. हा एकटाच थर्मामीटरला नाक लावून तेवीसच्या वरच्या बारीक रेषा मोजायचा आणि तेवीस पूर्णांक सहा दशांश असं लिहायचा. त्यावरून ते नाव पडलं.

रकाना नऊ : सेवेनंतरचा पत्ता

इथे जो पत्ता आहे, तिथे मी कधी गेलोच नाही. मी गेलो एका वजनकाट्यांच्या दुकानात. दशांश तिथे काटे दुरुस्त करायला लागला. किराणावाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे. काट्याचं टेबल जरा जरी डुगडुगलं तरी वजन चुकतं. त्याचं टेबल डुगडुगत होतं. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून मला काढलं, दोनदा दुमडलं, टेबल तपासलं, आणखी एकदा दुमडलं आणि डाव्या पायाखाली सारलं.

टेबल जागच्या जागी थांबलं.

मित्रांनो, पंधरा वर्षं मी तिथे काढली. कोणी म्हणेल, केवढी ही हेळसांड. मीही आधी तसंच म्हणायचो. पण खालून मला त्याचे हात दिसायचे. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरताना ते कधी कापले नाहीत. गिऱ्हाइकं म्हणायची, "मालक, काटा याच्याच हातून करून द्या." मालक म्हणायचे, "हात त्याचे, परवाना माझा." ते खरं होतं. स्वतःच्या नावाने काट्यावर शिक्का मारायचा तर वजनमापांच्या कचेरीचा परवाना लागतो. तिथला अर्ज माजी सैनिकाकडे सेवेचा दाखला मागतो. म्हणजे मला मागतो. आणि मग चौदावा रकाना वाचतो.

दशांशने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मी कचेरीत जाऊन आलो आणि परत पायाखाली बसलो.

घडीवरची झिजलेली ओळ

दाखला दिल्यापासून पंधरा वर्षांच्या आत सैन्याच्या दुरुस्ती मंडळाकडे शेरा बदलून मागता येतो, त्यानंतर नाही. ही ओळ माझ्या पाठीवर अगदी बारीक अक्षरांत छापलेली आहे. नेमकी घडीवर आल्याने ती अर्धी झिजली. तरी ती जिने वाचली, तिची ओळख करून देतो.

ती दशांशची थोरली बहीण. कोर्टात तीस वर्षं अर्ज टाइप करून नुकतीच निवृत्त झालेली. दुकानात आली, पायाकडे बघितलं आणि टेबल एका हाताने उचलून मला ओढून काढलं.

"हे काय रे?"

"पाचर," दशांश म्हणाला.

"पाचर. सरकारी दाखल्याची पाचर. आई असती तर तुलाच ठोकलं असतं पायाखाली." तिने चष्मा वर केला. "दोन महिने उरलेत. अर्ज मी लिहिते."

"ताई, राहू दे ना."

"टेबल डुगडुगेल म्हणून? लाकडाचा तुकडा घाल."

पहिला अर्ज तिने कोर्टाच्या थाटात लिहिला. अर्जदार गरीब आहे, अर्जदाराची पत्नी सोशीक आहे, माननीय मंडळाने दया करावी. दशांशची बायको वाचून म्हणाली, "वन्सं, सोशीक कोण?"

"अगं, लिहायचं असतं तसं."

"मग 'काढून टाका' असंही लिहायचं असतं."

दया मागणारा तो अर्ज तीन आठवड्यांत परत आला. वर दोनच ओळी होत्या. 'हे मंडळ क्षमा करत नाही, दुरुस्ती करते. शेऱ्यात चूक कोणती, ते लिहावे.'

ताईने कागद भावापुढे ठेवला. "माझी विद्या इथे संपली. आता तू बोल. चूक कोणती?"

त्याने हातातलं छोटं वजन टेबलावर ठेवलं. "ते सांगायचं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागेल," तो म्हणाला. "मी घेणार नाही."

रकाना अकरा : परिचयाची व्यक्ती

या रकान्यात एक नाव होतं. ताईने ते वाचलं आणि भावाला न विचारता पत्र टाकलं. आठव्या दिवशी दुकानाच्या दारात डोकं वाकवून एक माणूस आत शिरला. पलटणीत त्याला लंबू म्हणत, ते का, हे मला खालूनही कळलं असतं.

"पंधरा पत्रं पाठवली तुला," लंबू म्हणाला. "दर वर्षी एक. एकाला तरी उत्तर द्यायचं होतंस."

"काय लिहिणार होतो? सगळं ठीक आहे. टेबल सरळ आहे."

"आता नाही सरळ," ताई म्हणाली.

लंबू स्टुलावर बसला, आणि जे मला पंधरा वर्षं माहीत नव्हतं ते मी त्या दुपारी ऐकलं.

त्या दिवसांत लंबूला मुलगी झाली होती. दिवस भरायच्या दोन महिने आधी, मूठभर. इस्पितळात काचेच्या पेटीत होती आणि बापाला भेटायची वेळ बुधवारी दुपारी बारा ते चार. त्याच वेळी लंबूचा पहारा कोठारावर. रजा मागितली, मिळाली नाही. बुधवारी दुपारी दशांशचा पहारा फाटकावर असे, तिथे दोन माणसं असत. कोठारावर एकच. कोठार एकटं सोडता येत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. तेव्हा दशांशने हिशेब केला. फाटकावर दोघांतला एक गेला तर एक उरतो, कोठारावरचा एक गेला तर कोणी उरत नाही. तीन बुधवार लंबू मुलीकडे गेला आणि दशांश फाटक सोडून कोठारावर उभा राहिला. पहाऱ्यांची अशी अदलाबदल पलटणीत सगळेच करत. वहीत नावं मात्र मूळचीच राहत.

तिन्ही बुधवारी साहेब फाटकावर तपासणीला आले. दशांश जागेवर नाही. तो दोनशे पावलांवर होता. पण वाटेत कडक ऊन होतं, आणि साहेब तेवढी दोनशे पावलं चालले नाहीत.

"तू चौकशीत बोलला असतास, तर मी तुरुंगात गेलो असतो," लंबू म्हणाला. "कोठार सोडलं म्हणून. आणि पोर पेटीत. तू गप्प राहिलास ते मला कळत होतं. तरी मीही गप्प राहिलो."

"ती कशी आहे?"

"कोण? पेटीतली? माझ्या कानाला लागते. शाळेत उंच उडीत पहिली आली." लंबूने नाक पुसलं. "आता माझं नाव घे. मी निवृत्त झालोय, होईल ते होईल. तुझं गप्प राहणं मला फार जड झालंय."

दशांश उठला. टाइपरायटर ताईपुढे सरकवला. "लिही," तो म्हणाला. "दया नको. एक वही मागवायची आहे."

रकाना तीन : सही

या रकान्यातली सही आता नव्या अर्जाखाली आली. त्यात एकही विनवणी नव्हती. तो दहा ओळींचा होता आणि शेवटी लिहिलं होतं : 'कोठाराची तापमान नोंदवही कृपया मागवावी.'

"असेल का रे अजून?" ताईने विचारलं.

"दारूगोळ्याची वही वीस वर्षं ठेवतात. माणसाचं विसरतील, बारुदीचं नाही."

सुनावणीची खोली साधी होती. लांब टेबल, तीन अधिकारी, भिंतीवर घड्याळ आणि थर्मामीटर. मी टेबलाच्या मधोमध पसरलेलो. आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर होतो, खाली नाही. ऐट वाटली, खोटं कशाला सांगू.

लंबू बोलला. कडेच्या अधिकाऱ्याने मान हलवली. "मित्र मित्रासाठी बोलणारच."

"बरोबर आहे, साहेब," दशांश म्हणाला. "त्याचं ऐकू नका. माझंही ऐकू नका. वही बघा."

वही आली. मधल्या अध्यक्षबाई चष्म्यातून पानं उलटू लागल्या. लंबूच्या पाळीत चोवीस, चोवीस, चोवीस. त्याच्या आदल्याच्या पाळीत चोवीस, चोवीस. आणि मग एक बुधवार. पहारेकरी : लंबूचं नाव. बारा वाजता सव्वीस पूर्णांक दोन. दोन वाजता सत्तावीस पूर्णांक चार. चार वाजता सत्तावीस पूर्णांक आठ, आणि बाजूला बारीक अक्षरांत, 'पश्चिमेची झडप उघडली.' पुढच्या बुधवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या दिवशी लंबूची पाळी आली की परत चोवीस.

बाईंनी लंबूकडे बघितलं. "हे दशांश तुम्ही लिहिलेत?"

"मी, साहेब?" लंबू म्हणाला. "मला घड्याळातले तास कळतात तेवढे पुष्कळ."

कडेचा अधिकारी पहिल्यांदा हसला. पण लगेच म्हणाला, "अक्षर सारखं असू शकतं. सवयही दुसऱ्याची असू शकते."

बाईंनी पेन ठेवलं. दशांशला विचारलं, "या खोलीचं तापमान किती?"

तो उठला, भिंतीपाशी गेला, थर्मामीटरला नाक लावलं. सगळे थांबले. ताई मागच्या बाकावर पदराचं टोक चावत होती.

"पंचवीस पूर्णांक सहा," तो म्हणाला. "पण ते धरू नका. हा खिडकीच्या उन्हात लावलाय, निदान एक अंश जास्त दाखवतो. पलीकडच्या भिंतीवर हलवायला हवा."

कडेच्या अधिकाऱ्याने खिडकीकडे बघितलं, थर्मामीटरकडे बघितलं, आणि समोरची वही मिटली. मग बाईंनी मला उचललं. कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा गोल डाग कशाचा?"

"टेबलाच्या पायाचा. टेबल डुगडुगत होतं."

"आता?"

"आता परत डुगडुगतंय, साहेब."

रकाना सतरा

सतरावा रकाना छापलेला नव्हता. तो शिक्क्याने तयार झाला. माझ्या छातीवर आडवा, लाल, चारही बाजूंनी ठळक : 'रद्द.'

मित्रांनो, कागदाला रद्द होण्याची भीती वाटते असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटली नाही. ज्याच्या अंगावर खोटं लिहिलंय, त्याला तो शिक्का अंघोळीसारखा असतो.

नवा दाखला माझ्या शेजारी ठेवला गेला. कोरा करकरीत, थोडा शिष्ट. त्याच्या चौदाव्या रकान्यात एकच ओळ आहे : 'सन्मानाने सेवामुक्त. नेमून दिलेल्यापेक्षा अधिक जबाबदारी पार पाडली.' दशांशने तो सावकाश वाचला. मग उंचीचा रकाना तपासला.

महिनाभराने परवाना आला. तो आणि नवा दाखला दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागले. पहिल्या काट्यावर स्वतःचा शिक्का मारायला दशांश बसला, तर टेबल हललं. मालकांनी लाकडाचा तुकडा पुढे केला. त्याने घालून बघितला, जाड झाला.

"ताई," तो म्हणाला, "ती पाचर कुठेय?"

ताईने पर्समधून मला काढलं. "रद्द झालाय तो."

"जाडी तीच आहे ना?"

त्याने मला माझ्या जुन्याच आठ घड्यांवर दुमडलं आणि डाव्या पायाखाली सारलं. टेबल थांबलं. काटा शून्यावर आला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाबद्दल तरी काही लिहाल. वहीत, दाखल्यावर, नाहीतर नुसतं मनात. लिहा, पण आधी दोनशे पावलं चालून या. ऊन असलं तरी.