सहा दहाचा श्रोता

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण वाचनालयाच्या नव्या वेबसाइटला तेवढेही मिळाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. पान उघडत नाही, नुसतं चाक फिरतं, पुस्तक शोधायला बसलं की चहा गार होतो. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, "जुनी साइट दिसायला गबाळी होती, पण हाक मारली की येत होती." मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. नव्या साइटवर सरकती चित्रं होती, पहिल्याच पानावर एक जाडजूड पुस्तक आपोआप उघडायचं आणि त्याची पानं फडफडायची. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

हा मोती जिने घडवला तिला ऑफिसात मॅडम म्हणत आणि घरी, पस्तिशी उलटली तरी, चिमणी. आई गेल्यावर ती बाबांकडे राहायला आली, त्याला तीन वर्षं झाली होती. बाबांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला. तासभर बोलले नाहीत तरी त्यांना काही वाटायचं नाही. सकाळी सहाला उठून ते बाहेरच्या खोलीची खिडकी सताड उघडायचे, मग कॉम्प्युटर लावून कानाला हेडफोन अडकवायचे. लेकीची झोप मोडू नये म्हणून हेडफोन. थोड्या वेळाने उठून ते तीच खिडकी लावून टाकायचे. आतल्या खोलीत चिमणीला अर्धवट झोपेत कडीचा आवाज यायचा.

"लावायचीच असते, तर उघडता कशाला?" तिने एकदा विचारलं होतं.

"सवय," बाबा म्हणाले. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी, म्हणून तिनेही सोडून दिलं. बातम्या ऐकत असतील, असं ती धरून चालली होती.

वाचनालयाच्या जुन्या साइटवर एक कोपरा होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हौशी लोकांनी पुस्तकं वाचून दिली होती. तीनशे बारा रेकॉर्डिंगं, वाचणाऱ्याचं नाव कुठेच नाही, नुसते नंबर. एवढा पसारा नव्या साइटवर कशाला न्यायचा, म्हणून चिमणीने एक नियम काढला. वर्षभरात पाच वेगवेगळ्या माणसांनीही जे उघडलं नाही, ते न्यायचं नाही. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. ग्रंथपालबाईंनीही त्याला होकार देऊन टाकला.

फक्त चौदा नंबरपाशी सगळी मंडळी थांबली. ते रेकॉर्डिंग रोज सकाळी सहा दहाला उघडलं जायचं, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, आणि उघडणारा एकच.

"माणूस नाही हा," चिमणी म्हणाली. "कुठलं तरी यंत्र लावून ठेवलंय कोणीतरी. रोज वेळेवर आरवतंय, कोंबडा आहे नुसता."

नाव चिकटलं. त्यानंतर ऑफिसात सकाळी सकाळी कोणीतरी विचारायचंच, आज कोंबडा आरवला का, आणि बाकीचे हसायचे. यादी पक्की करायच्या दिवशी तिच्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, कोंबड्याचं काय करायचं?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती म्हणाली आणि तिने चौदा नंबरवर काट मारली. म्हण अगदी जागच्या जागी बसली, म्हणून ती स्वतःवरच खूश झाली होती.

साइट सुरू झाली त्याच आठवड्यात जेवताना बाबांनी विषय काढला. "तुमची ती वाचनालयाची साइट. नुसतं चाक फिरत बसतं गं."

दिवसभर हेच ऐकून चिमणीचं डोकं उठलं होतं. बाबा तिथे काय बघायला जातात, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. "नवीन आहे बाबा. सगळ्यांनाच वेळ लागतोय. जरा धीर धरा."

"बरं," बाबा म्हणाले. धीर धरणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. लेथवर घाई केली की माल वाया जातो, हे ते चाळीस वर्षं नवशिक्यांना सांगत आले होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

विसाव्या दिवशी चिमणी एकदाची तक्रारींच्या मुळाशी जायला बसली. कुठलं पान लोकांना सगळ्यात जास्त ताटकळत ठेवतं, ते तिने काढलं. यादीत पहिला नंबर चौदाचा. तिला हसू आलं. रेकॉर्डिंग काढलं होतं, पण तिथे जायची जुनी वाट बंद करायची राहून गेली होती, आणि 'हे आता इथे नाही' असं सांगणारी पाटी लावायचीही राहिली होती. त्यामुळे तिथे जाणाऱ्यासमोर चाक फिरत राहायचं, थांबायचंच नाही.

मग तिने वेळा बघितल्या. सहा दहाला कोणीतरी यायचं आणि आठपर्यंत बसून राहायचं. रोज. एकोणीस दिवस. तिचं हसू तिथेच विरलं. यंत्र चार वेळा दार ठोठावतं आणि निघून जातं. दोन-दोन तास दारात बसून राहतो, तो माणूस असतो.

माणूस कोण, ते कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक घरच्या इंटरनेटला एक नंबर असतो. समोर दिसत होता तो नंबर तिला पाठ होता, कारण घरून काम करायच्या दिवशी तिच्या स्वतःच्या नावापुढे तोच यायचा.

आई वाचनालयासाठी वाचायची. चिमणी तेव्हा शिकायला लांब होती. आई फोनवर म्हणाली होती, "वाचते गं थोडं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी." चिमणी "छान" म्हणाली होती आणि लगेच आपल्या परीक्षेचं बोलायला लागली होती. काखेत कळसा असून ती गावाला वळसा घालत बसली होती.

जुनी साइट ज्या मशीनवर होती ते कुठे आहे, हे विचारायला तिने ग्रंथपालबाईंना फोन केला. "जुनं मशीन?" बाई म्हणाल्या. "ते तुमच्याच माणसांनी पुसून दिलं ना. मग भंगारात गेलं. का हो, काही राहिलं का त्यात?" चिमणीने भंगारवाल्याला गाठलं, सहकाऱ्यांचे कॉम्प्युटर उलटेपालटे केले, घरी येऊन आईचं कपाट धुंडाळलं. संध्याकाळपर्यंत तिच्या हाती काही लागलं नाही. बाबांना तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती सव्वासहालाच उठली. बाहेरच्या खोलीत खिडकी सताड उघडी होती, गार वारा येत होता. बाबा चाकासमोर बसले होते. काही वाजत नसतानाही त्यांनी हेडफोन लावले होते, न जाणो, मध्येच सुरू झालं तर.

"एवढ्या लवकर उठलीस?" त्यांनी एक कान मोकळा केला.

"बाबा, काय ऐकता तुम्ही?"

चोरी पकडल्यासारखे ते ओशाळले. "तुझी आई. घरातल्या दुरुस्त्यांचं पुस्तक वाचलंय तिने. नळाचा वॉशर कसा बदलायचा वगैरे. मी शेजारी बसलो होतो, अडलं तर सांगायला. मध्येच खाली कुत्री भुंकायला लागली. तर वाचता वाचता म्हणते, 'अहो, ती खिडकी लावता का जरा?' ते कापायचं राहूनच गेलं. तसंच आहे त्यात." ते हसले. "मग लावतो मी."

चिमणी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. "बाबा, वेळ लागत नाहीये. ते तिथे नाहीच. मी काढून टाकलं."

"मग परत घाल की."

"नाही घालता येत. काल दिवसभर शोधलं मी. कुठेच राहिलेलं नाही." तिला रडू आवरेना. "मला माहीत नव्हतं हो बाबा."

बाबांनी दोन्ही हातांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि ते टेबलावर ठेवले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"पण का काढलंस?" त्यांनी विचारलं.

"कोणी ऐकत नव्हतं म्हणून. वर्षभरात एकच माणूस होता."

बाबा चाकाकडे बघत राहिले. ते अजून फिरत होतं.

"एकच?" ते म्हणाले. "मला वाटायचं, पुष्कळ लोक ऐकत असतील. चांगला होता गं तिचा आवाज."

वाऱ्याने बाबांच्या अंगावर शहारा आलेला चिमणीला दिसला. डोळे पुसत ती उठली आणि खिडकीपाशी गेली.

"राहू दे उघडी," बाबा म्हणाले. "आता कोण सांगणार आहे लावायला."