वाघजाईचा उतार

दिनशाशेट तरुणपणी स्वित्झर्लंडला गेले, बर्फावरून घसरले आणि ते वेड घेऊनच परत आले. मावळात बर्फ कुठला? पण मार्गशीर्षात डोंगरावरचं गवत वाळलं की पाय ठरत नाही. तेवढ्या भांडवलावर शेटनी भाजे गावाच्या वरच्या अंगाला चार खोल्यांचं विश्रामगृह थाटलं. पाहुणे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजत, उन्हाळ्यात तळ्यात होड्या वल्हवत आणि थंडीत पायांना लाकडी पट्ट्या बांधून गवतावरून खाली कोसळत. चांगली शहाणीसुरती माणसं, पण हौसेला मोल नाही. ज्यांना उभं राहणं जमत नसे, त्यांच्यासाठी मकसूद सुताराने बसायचे पाट केले होते.

उतार तयार करायचं काम सावळा ठाकराचं. तीन दिवस ओंडका ओढून, अनवाणी पायांनी दाबून तो सगळं गवत खालच्या अंगाला निजवी. पोरीची वेणी घालायच्या आधी केस विंचरावेत, तसं. मग पाहुणे आरडाओरडा करत सुटत आणि हा वर वाघजाईच्या शिळेपाशी उभा राहून बघे. झोपेत मात्र तो रोज घसरायचा. स्वप्नातल्या उताराला तळच नसे. गवत सरसरत राही, अंग पिसासारखं होई आणि सकाळ झाली की त्याला उगाच रडू येई.

जागेपणी अडचण देवीची होती. वाघजाई दिसतेय तोवर तिला पाठ दाखवायची नाही, उलट्या पावलांनी उतरायचं, हा वाडीचा रिवाज. पायवाटेला वीस पावलांत वळण लागे, तिथं सुटका होई. हा उतार मात्र तळापर्यंत तिच्या नजरेसमोर. पाहुण्यांचं ती मनावर घेत नसेल, पण सावळ्याच्या घरात तिची पूजा होती.

एक्केचाळीसच्या थंडीत कळलं, की लढाईपायी डोंगर पलटणीला दिलाय. उद्यापासून तारेचं कुंपण पडणार, वर कुणी जायचं नाही. मकसूद पाट गोळा करायला चढून आला.

"एक ऱ्हाऊ द्या, मकसूदभाऊ," सावळा म्हणाला. "मला एकडाव जायाचंय. न्हाई गेलो तर जलमभर हितंच उभा ऱ्हाईन."

"आणि देवी?"

सावळ्याने पाट उलटा मांडला आणि दरीकडे पाठ, वाघजाईकडे तोंड करून बसला.

"अरे, पुढचं काही दिसायचं नाही तुला."

"उतार म्या निजवलाय. त्यात काय बघायचं?"

मकसूदने बिस्मिल्ला म्हणून त्याचे गुडघे हलकेच ढकलले.

गवत सरसरलं. पाठीला गार वारा लागला आणि सावळा मोठ्याने हसला. अगदी स्वप्नातलंच होतं ते. फक्त वाघजाई लहान होत चालली होती. शेजारी उभा मकसूद बोटाएवढा झाला. इतकी माणसं इथून घसरली, त्या सगळ्यांनी खालची भातखाचरं पाहिली. मागे राहिलेलं असं कुणी पाहिलं नव्हतं. निम्म्या उतारावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण हौस फेडत नाही आहोत, तिचा निरोप घेतोय. त्याने टाचा रोवल्या. पाट थांबेना.

खाली पाट अडवायला रचलेल्या पेंढ्यात तो रुतला. वर शेंदराचा ठिपका अजून दिसत होता. घरची वाट खाचरांच्या अरुंद बांधांवरून, तिथं उलट्या पावलांनी चालणं जमणारं नव्हतं. घरी जायचं तर आता उठून पाठ फिरवावी लागणार होती, आणि ते काही सावळ्याच्यानं होईना.